दोन महिने कुठे काढायचे?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहसा कुठे जात नाही. सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी आलेला असतो. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे गठ्ठेही दोन असतात. यंदा मात्र ते दोन्ही गठ्ठे पिशवीत कोंबून आम्ही मियाँ-बीवी भाचीला घेऊन आठ दिवस फिरलो. आधी मुंबईत परळ, मग वर्ध्याजवळचे सेवाग्राम आणि शेवटी गडचिरोली. ना कुठे लग्न होते, ना उर्स. शेजाऱ्यांनी विचारले तेव्हा "भाचीसाठी जागा बघायला चाललो" एवढेच सांगितले, आणि आम्ही तिच्यासाठी स्थळ बघायला गेल्याची बातमी मोहल्ल्यात पसरली.

भाची म्हणजे आमच्या आपाची मधली मुलगी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खानदानात डॉक्टर होणारी पहिलीच. एका रात्री इशाच्या नमाजनंतर दुल्हेभाईंचा फोन आला. त्यांचे टायर-पंक्चरचे दुकान आहे, बोलणे एकदम रोखठोक. "मास्टर, पोरीला उन्हाळ्यात दोन महिने रिसर्च करायचा आहे. मुंबईचा एक माणूस भेटला. पंचवीस हजारांत सर्टिफिकेट देतो, वर पेपरात नाव छापून आणतो. पाच हजार देऊनही टाकले. तुम्ही शिकलेले आहात, जरा नजर टाका." पेपर म्हणजे वर्तमानपत्र, असाच त्यांचा समज होता. छापून आले की चौकट करून दुकानात लावायचा त्यांचा विचार होता.

मग भाचीने फोन घेतला. "मामू, त्या माणसाकडे काही करायचेच नसते. आकडे त्याच्याकडे तयार असतात. आपण फक्त नाव द्यायचे." तिचा आवाज रडवेला होता. आम्ही लगेच काही बोललो नाही. त्याचे कारण पुढे येईल.

ज्या घरांत मुले डॉक्टरकी शिकत आहेत त्यांना हे माहीत असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि नंतरचे इंटर्नशिपचे एक वर्ष एवढ्या काळात विद्यार्थी असलेले ज्ञान पाठ करतो, पण ते ज्ञान तयार कसे होते हे त्याला फारसे बघायला मिळत नाही. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९७९ साली विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीची एक शिष्यवृत्ती सुरू केली. विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातला एक प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून घ्यायचा, एक छोटा प्रश्न ठरवायचा, प्रस्ताव पाठवायचा. मंजूर झाला तर दोन महिने काम करून अहवाल द्यायचा. अहवाल पसंत पडला की प्रमाणपत्र आणि शिष्यवृत्तीची रक्कम. ज्यांना या वाटेने जायचे नसते ते सुट्टीत एखाद्या मोठ्या संस्थेला पत्र लिहितात आणि स्वतःच्या खर्चाने तिथे राहून शिकतात. भाचीच्या मनात तीन ठिकाणे होती. चौथे तिचे स्वतःचे महाविद्यालय, पण त्याचा विचार कोणीच धड करत नव्हते. घर की मुर्गी दाल बराबर.

अकोल्याहून रात्रीच्या गाडीने आम्ही पहाटे दादरला उतरलो आणि नाश्ता करून परळला गेलो. टाटा, केईएम, वाडिया ही नावे आपल्या भागात कोणाला सांगावी लागत नाहीत. प्रत्येक मोहल्ल्यातले कोणी ना कोणी तिथे जाऊन आलेले असते. फुटपाथवर चटया टाकून बसलेल्या नातेवाइकांत एका म्हाताऱ्या बाबांची बोली ऐकून बेगम थांबली. ते बुलढाणा जिल्ह्याचे निघाले. सोबतच्या तोशातल्या चार पोळ्या आणि चटणी त्यांच्याकडे गेली.

याच परिसरात हाफकिन संस्था आहे. इमारत जुनी, एके काळी मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला. पण ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते त्या वाल्देमार हाफकिन यांचे मुंबईतले काम या बंगल्यात सुरू झाले नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारने त्यांना बोलावले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा दिला. मदतीला एक कारकून आणि तीन पट्टेवाले. तिथे त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. लोक लसीला घाबरत होते. त्या वेळी तरुण असलेल्या आगाखान तिसरे यांनी आपला खुश्रू लॉज बंगला प्रयोगशाळेसाठी दिला, सगळ्यांसमोर स्वतः लस घेतली, आणि मग हजारो खोजांनी घेतली. परळच्या बंगल्यात प्रयोगशाळा आली ती १८९९ साली, आणि संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले १९२५ साली.

भाचीला मात्र यातले दुसरेच एक प्रकरण ठाऊक होते, ते तिने झाडाखाली बसून सांगितले. १९०२ साली पंजाबातल्या मलकवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. नोकरी गेली, बदनामी झाली. पण कोणाला कुठल्या बाटलीतली लस दिली याची नोंद होती. ते १९ही जण एकाच बाटलीतले होते, आणि ती बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता. दोष गावात घडला, प्रयोगशाळेत नाही, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. "नोंद नसती तर मामू, ते मरेपर्यंत गुन्हेगार राहिले असते." एवढे बोलून ती शेंगा सोलत बसली.

त्याच १८९७ सालचा आणखी एक किस्सा आम्ही आठवीच्या वर्गात दरवर्षी सांगतो. सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहिले. ते डास ज्याला चावले होते तो हिवतापाचा रुग्ण होता हुसेन खान. एका डासाला एक आणा याप्रमाणे दहा डासांचे दहा आणे त्याला मिळाले. रॉस यांना नोबेल मिळाले. हुसेन खानचे पुढे काय झाले, असे वर्गातले एखादे पोर विचारतेच, आणि आमच्याकडे उत्तर नसते.

परळच्या बाजूने बोलायचे तर बरेच आहे. ज्या मुलाला पुढे प्रयोगशाळेतच काम करायचे आहे त्याने इथेच यावे. इथली यंत्रे आणि माणसे आपल्याकडे नाहीत. पण दोन महिन्यांत नवख्या मुलीच्या वाट्याला दुसऱ्याच्या मोठ्या प्रश्नाचा एक लहानसा तुकडा येणार, हे भाचीला कळत होते. शिवाय राहण्याचा खर्च. दुल्हेभाईंना मात्र मुंबईच पसंत होती. खरे सांगायचे तर आम्हालाही. नाव मोठे असले की चार लोकांत सांगता येते.

सेवाग्रामला आम्ही एकच दिवस होतो. १९३६ साली गांधीजी इथे राहायला आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. बापू कुटीच्या सारवलेल्या जमिनीवर बसून बरे वाटले, पण आम्ही आलो होतो वैद्यकीय महाविद्यालय बघायला. गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नायर यांनी ते १९६९ साली सुरू केले. इथे प्रत्येक तुकडी पहिल्याच वर्षी एक गाव दत्तक घेते, पंधरा दिवस त्या गावात राहते, आणि एकेका विद्यार्थ्याच्या वाट्याला काही घरे येतात. त्या घरांशी पुढेही संबंध ठेवायचा असतो. भाचीने विचारले, "पण मी बाहेरची. दोन महिन्यांनी निघून जाणार. घर माझे कसे होणार?" यावर कोणी काही बोलले नाही. तिथली शिकवण तिथल्या मुलांसाठी आहे, ती दोन महिन्यांत उसनी मिळत नाही, असे आमचे मत झाले.

मग गडचिरोली. नागपूरहून एसटीने उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत जावे लागते. ब्रह्मपुरी सोडली की वैनगंगा लागते आणि पलीकडे आरमोरी. धान कापणीचे दिवस होते. बांधांवर पेंढ्या रचलेल्या, बसमध्ये विळे घेतलेल्या बाया. आमच्याकडे कापूस आणि सोयाबीन, त्यामुळे बेगम खिडकीतून हलत नव्हती. भाची मध्ये बसली होती. आरमोरीच्या आसपास तिने सहज विचारले, "मामू, तुम्ही बीएडला असताना काय संशोधन केले होते?"

तिला ठाऊक नव्हते की फोन आला त्या रात्रीपासून आम्ही याच प्रश्नाला घाबरून होतो. आमच्या प्रकल्पाचे नाव होते 'उर्दू माध्यमाच्या मुलांच्या मराठी लेखनातील चुका'. चाळीस मुलांची चाचणी घ्यायची होती. घेतली अकरा मुलांची. परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून उरलेल्या एकोणतीस मुलांचे गुण आम्ही वसतिगृहात एका रात्रीत मनानेच भरले. मुले जोडाक्षरात सर्वांत जास्त चुकतात, असा निष्कर्ष काढला. गुणही चांगले मिळाले. पुढे नोकरी लागली, खऱ्या वह्या हातात आल्या, तेव्हा दिसले की मुले जोडाक्षरात नाही, लिंगात चुकतात. उर्दूत घर पुल्लिंगी, पाणी पुल्लिंगी. मराठीत दोन्ही नपुंसकलिंगी, आणि नपुंसकलिंग उर्दूत नाहीच. म्हणून मूल 'माझा घर' लिहिते. हे त्या अकरा वह्यांतही होते. आमचे लक्ष नव्हते, कारण बाकीचे आकडे आम्हीच रचत होतो. नोकरीची पहिली दोन-तीन वर्षे आम्ही मुलांकडून जोडाक्षरेच घोटून घेतली.

हे सगळे आम्ही बसमध्ये सांगितले. बेगमला लग्नाला इतकी वर्षे होऊनही माहीत नव्हते. भाची हसली नाही, रागावलीही नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे अब्बांच्या त्या माणसाला पाच हजार सोडून द्यावे लागतील." ते पाच हजार अजून परत आलेले नाहीत. येतील असे वाटतही नाही.

शोधग्राम गडचिरोली शहरापासून धानोऱ्याच्या रस्त्याला सतरा-अठरा किलोमीटरवर, चातगावजवळ आहे. आधी लिहून परवानगी घेतली होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था मराठी वाचकांना नवी नाही. दोघे नागपूरला शिकले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि परत येऊन १९८६ पासून इथे काम करू लागले. सोयी असतात तिथे नव्हे, प्रश्न असतात तिथे संशोधन करावे, अशा अर्थाचे डॉ. बंग अनेकदा बोलले आहेत. वाचताना ते सोपे वाटते. चातगावचा तो रस्ता पाहिला की त्याचा अर्थ लागतो.

तिथला दवाखाना माँ दंतेश्वरीच्या नावाने आहे आणि त्याची रचना आदिवासी गावासारखी आहे. एकेक झोपडीवजा घर, आणि रुग्णासोबत नातेवाईक राहू शकतात. बांधण्याआधी लोकांना विचारले होते की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. तिथे आमच्या माणसांना आत राहू देत नाहीत, असे उत्तर आले. तिथले लोक पांढरे कपडे घालतात, आणि पांढऱ्यात तर आम्ही मेलेल्याला गुंडाळतो, असेही कोणी सांगितले. बेगमने आमच्याकडे पाहिले. कफन आपल्याकडेही पांढरेच. पण आपल्याला दवाखाना कसा हवा, हे आजवर आपल्याला कोणी विचारले नव्हते.

१९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दोन गावांतल्या ६५० बायांच्या तपासणीचा अभ्यास छापला. त्यातल्या ९२ टक्के बायांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचे आजार म्हणजे बाळंतपण एवढेच जग समजत होते. मग नवजात बाळे. ३९ गावांत, थोड्याशा शिकलेल्या गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्यांनी घरी जाऊन बाळाचे वजन करायचे, ताप बघायचा, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचे. १९९९ साली निकाल छापला, तो असा की शेजारच्या ४७ गावांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. पुढे २०११ पासून देशभर आशा ताई नवजात बाळाच्या घरी जाऊ लागल्या, त्याचे एक मूळ इथे आहे. हे सारे उभे आहे ते नोंदीवर. गावात जन्म झाला की नोंद, मृत्यू झाला की नोंद, आणि नंतर घरोघर जाऊन ती पुन्हा पडताळायची.

श्वास मोजायचे एक लाकडी साधन तिथे पाहायला मिळाले. एका मिनिटाची वाळू आणि तारेत ओवलेले मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलात तर न्यूमोनियाची शंका. शंभरपर्यंत मोजता न येणाऱ्या बाईलाही जमते. तसबीह ओढणाऱ्या बोटांना तर सहजच जमावे.

बेगमने ते हातात घेतले आणि बराच वेळ ठेवले नाही. आमचे पहिले बाळ सहाव्या दिवशी गेले. मुलगा होता. अकीक्यासाठी बकरा सांगून ठेवला होता. बेगम माहेरी होती. बाळ दूध ओढेना आणि धापा टाकू लागले, तेव्हा घरातल्या बायांनी नजर उतरवली, सकाळी डॉक्टरकडे नेऊ म्हणाल्या. या गोष्टीला वीस वर्षे झाली. त्याच्या जन्माची नोंद झाली नाही आणि मृत्यूचीही नाही. दफन केले आणि घरी आलो. सरकारी हिशोबात ते बाळ झालेच नाही. बेगमने तिथल्या ताईंना एवढेच विचारले, "सहाव्या दिवशी येता का?" त्या म्हणाल्या, "बाळ नाजूक असेल तर रोजसुद्धा."

भाचीला ही गोष्ट घरात कोणी कधी सांगितली नव्हती.

परतीच्या बसमध्ये तिने वही काढली. आम्हाला वाटले, आता ही गडचिरोलीच म्हणणार. आमची तयारीही झाली होती, दुल्हेभाईंची समजूत कशी घालायची ते आम्ही मनात जुळवत होतो. ती म्हणाली, "मामू, इथे मला गोंडी येत नाही. माडिया येत नाही. दोन महिने मी दुसऱ्या कोणाला तरी विचारणार, ती काय म्हणाली? आपल्या बायांशी मात्र मी सरळ बोलू शकते. त्या मला जे सांगतील ते आमच्या सरांना सांगणार नाहीत."

मग प्रश्न. आशा ताईंच्या भेटींचे दिवस ठरलेले आहेत. जन्म घरी झाला तर पहिल्या दिवशी, आणि पुढे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. पण आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सासरच्या आशा ताईंच्या यादीत नाव असलेली बाई प्रत्यक्षात दुसऱ्याच गावी चिल्ला काढत असते. माहेरच्या आशा ताईंना ती आल्याचे कळते का? किती भेटी होतात? बाळ दीड महिन्याचे झाले की बाई लस द्यायला दवाखान्यात येतेच. तेव्हा विचारायचे. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड असते, त्यावरून तोंडी उत्तर ताडून बघता येते. प्रश्न एकच, आणि दोन महिन्यांत उरकण्याजोगा.

महाविद्यालयात परतल्यावर ती पीएसएम विभागाच्या एका मॅडमना भेटली. त्यांनी ऐकून घेतले आणि अर्धे खोडले. किती बायांना विचारणार, हा आकडा आधी ठरव म्हणाल्या. माहेरी न गेलेल्या बायाही घे, नाहीतर तुलना कोणाशी करशील? नीतिमत्ता समितीची मंजुरी लागेल. आणि संमतीपत्र बाईला कळेल अशा भाषेत लागेल. ही खोडाखोड ऐकून आम्हाला बरे वाटले. आमच्या बीएडच्या वेळी असे कोणी खोडले असते तर रात्रभर आकडे भरायची सोयच उरली नसती. दुल्हेभाई मात्र अजून नाराज आहेत. एवढे फिरून शेवटी त्याच गावात? आम्हीही त्यांना पुरते पटवू शकलो नाही, कारण परळचा मोह आमच्याही मनातून पूर्ण गेलेला नाही. शिष्यवृत्ती मिळेल की नाही तेही अजून ठरायचे आहे. देशभरातून अर्ज जातात.

संमतीपत्राचे मराठी आणि उर्दू आमच्याकडे आले. आम्ही ते मोठ्या झोकात केले. 'सदर अभ्यासात सहभागी होणे पूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर माघार घेऊ शकता.' उर्दूही तशीच भरदार. बेगमने दोन्ही वाचले आणि म्हणाली, आधी शेजारच्या पोरीला वाचून दाखवा. ती पोर माहेरी आलेली आहे, बाळ तीन आठवड्यांचे. दारात बसून तिने सगळे ऐकून घेतले, बाळाला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतले आणि विचारले, "खालू, मी नाही म्हटले तर बाळाची लस बंद करतील का?"

त्या रात्री संमतीपत्र पुन्हा लिहायला घेतले. पहिले वाक्य आता असे आहे: 'तुम्ही नाही म्हटले तरी बाळाला लस मिळणारच.'